लहान मुलांच्या घरात सजग पालकत्वाची सुरुवात कशी करावी

हा लेख जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. विशेषतः ज्यांनी सजग पालकत्वाबद्दल ऐकले आहे, पण रोजच्या धावपळीत त्याची सुरुवात नेमकी कुठून करावी हे ज्यांना ठरवता आलेले नाही, त्यांच्यासाठी. मुलासोबत असताना मुलाला काय वाटते आहे आणि आपल्या स्वतःच्या मनात काय चालले आहे, या दोन्हींची दखल घेऊन मग प्रतिसाद देणे, एवढाच सजग पालकत्वाचा गाभा आहे. अशा अवधानाच्या, म्हणजे चालू क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याच्या, सरावाला आधुनिक वैद्यकात स्थान मिळाले ते मुख्यतः जॉन कबाट-झिन यांच्यामुळे. त्यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताण आणि दीर्घकालीन वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी असा सराव शिकवणारा कार्यक्रम सुरू केला. रुग्णांना त्यासाठी रोज वेगळा वेळ काढावा लागे. लहान मुलाच्या पालकांना हे बहुधा जमत नाही, आणि ज्या घरात आधीच श्वास घ्यायला उसंत नाही तिथे दिवसाला आणखी एक काम जोडण्याचा सल्ला फार काळ टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या, जी कामे आपल्याला रोज करावीच लागतात त्यांच्यातच बसवलेल्या आहेत.

पहिली पायरी: दिवसातले एकच काम निवडा

अंघोळ, कपडे बदलणे, लंगोट बदलणे, भरवणे, केस विंचरणे, झोपवणे यांपैकी कोणतेही एक काम निवडावे. ज्या कामात रोज भांडण होते ते पहिल्यांदा निवडू नये. जे त्यातल्या त्यात शांतपणे पार पडते ते निवडावे. पहिला आठवडाभर एवढ्या एकाच कामात पूर्ण लक्ष द्यायचे आणि बाकीचा दिवस जसा जातो तसा जाऊ द्यायचा.

काम सुरू करण्यापूर्वी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, लागणाऱ्या सगळ्या वस्तू हाताशी घ्याव्यात आणि मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बसावे. त्यानंतर जे करणार आहोत ते आधी सांगावे: “आता मी तुझा हात बाहीत घालणार आहे.” सांगून झाल्यावर थांबावे. हे थांबणेच या पायरीतले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत अवघड काम आहे, कारण मोठ्यांचे हात सवयीने पुढे गेलेले असतात. तान्ह्या बाळाला ऐकलेल्या आवाजाला प्रतिसाद द्यायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो; मनात सावकाश पाचापर्यंत आकडे मोजले, तर पुष्कळदा बाळ नजर वळवते, अंग सैल सोडते किंवा हात किंचित उचलते. तो त्याचा सहभाग असतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला कामातला एखादा भाग संपूर्णपणे सोपवता येतो. मोजा ओढणे, साबण हातावर चोळणे, दोन कपड्यांतून एक निवडणे. यात पाच-दहा मिनिटे जास्त जातील, आणि ती आधीच धरून ठेवली तर घाईची चिडचिड होत नाही.

एवढ्या साध्या गोष्टीला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला एक प्रयोग उपयोगी पडतो. त्यात आई आधी आपल्या काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीप्रमाणे हसून-बोलून खेळते, आणि मग थोडा वेळ चेहरा पूर्णपणे निर्विकार ठेवून बाळाकडे नुसती पाहत राहते. बाळ आधी हसून, आवाज काढून, हात पुढे करून तिला परत खेळात ओढू पाहते. त्याचा उपयोग होत नाही असे दिसले की अस्वस्थ होते आणि शेवटी नजर फिरवून घेते. बोलता न येणारे मूलसुद्धा आपल्या चेहऱ्यावरचा प्रतिसाद किती बारकाईने वाचत असते, हे यातून दिसते. फोनमध्ये गढलेला चेहराही असाच निर्विकार असतो. म्हणून फोन पाहणे अटळ असेल तेव्हा ते मुलाला सांगून करावे: “मी एक निरोप वाचते आहे, तो झाला की तुझ्याकडे बघते.” आणि तो वाचून झाल्यावर खरोखरच त्याच्याकडे पाहावे.

दुसरी पायरी: स्वतःच्या शरीरातल्या खुणा ओळखा

पालकांचा तोल जाण्यापूर्वी शरीर सूचना देत असते. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे खांदे वर चढतात, कुणाचा आवाज चढू लागतो, कुणी भांडी आपटत काम करू लागते. आपली खूण कोणती, हे शांत वेळी आठवून लिहून ठेवावे. ती जाणवली की तीन गोष्टी कराव्यात: दोन्ही पाय जमिनीवर टेकल्याचे जाणवू द्यावे, श्वास आत घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून बाहेर सोडावा, आणि मनात भावनेला नाव द्यावे: “मला राग आला आहे,” किंवा बऱ्याच वेळा जे खरे असते ते, “मी थकले आहे.” लांब उच्छ्वासाने हृदयाची गती किंचित मंदावते, आणि तेवढ्या अवधीत तोंडाशी आलेले वाक्य गिळता येते. या सगळ्याला अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ लागतो. मुलासमोर, उभ्याउभ्या, हातात ओला टॉवेल असतानाही हे करता येते.

यासोबत आठवडाभर आणखी एक नोंद ठेवावी, ती म्हणजे तोल जाण्याची वेळ. बहुतेक घरांत ती दिवसागणिक बदलत नाही; कामावरून परतल्यानंतरचा पहिला अर्धा तास किंवा सकाळी बाहेर पडण्यापूर्वीची वीस मिनिटे, अशी ती ठरलेली असते. अशा ठिकाणी मनोनिग्रहावर विसंबण्यापेक्षा व्यवस्था बदलणे जास्त उपयोगी ठरते. सकाळचे कपडे रात्रीच काढून ठेवणे, घरी आल्यावर कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी दहा मिनिटे मुलाजवळ जमिनीवर बसणे, भुकेची वेळ टळण्यापूर्वी मुलाला आणि स्वतःलाही काही खायला देणे, असे छोटे बदल पुष्कळ भांडणे आधीच टाळतात.

इथे एक इशारा स्पष्टपणे द्यायला हवा. तान्हे बाळ काही केल्या रडायचे थांबत नसेल आणि आपला संयम संपत चालला आहे असे वाटत असेल, तर बाळाला पाळण्यात किंवा दुसऱ्या सुरक्षित जागी पाठीवर निजवावे, खोलीबाहेर काही मिनिटे थांबावे आणि घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी हाक मारावी. बाळाला कधीही गदगदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन कायमची इजा किंवा मृत्यूही होऊ शकतो. काही मिनिटे एकटे रडल्याने निरोगी बाळाला अशी इजा होत नाही.

तिसरी पायरी: खेळताना आधी पाहा, मग बोला

रोज दहा ते पंधरा मिनिटे मुलाने ठरवलेला खेळ, मुलाच्या पद्धतीने खेळावा. या वेळात तीन गोष्टी टाळाव्यात: शिकवणे, सुधारणे आणि परीक्षा घेणे. “हा रंग कोणता?” असे विचारण्याऐवजी जे दिसते तेवढे सांगावे: “तू निळा ठोकळा लाल ठोकळ्यावर ठेवलास.” मुलाने केलेल्या आवाजाला, बोटाला, नजरेला उत्तर द्यायचे आणि मग पुन्हा त्याची पाळी येऊ द्यायची, ही देवाणघेवाण भाषेच्या आणि मेंदूच्या वाढीचा पाया आहे. मूल एकाग्रतेने काही करत असेल तर गप्प राहणे हाही प्रतिसादच असतो. आपण शेजारी आहोत एवढे त्याला पुरते.

कौतुकाबद्दल सावध राहावे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चित्र काढण्याची मुळात आवड असलेल्या काही मुलांना, चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगण्यात आले होते. काही दिवसांनी मोकळ्या वेळात त्याच मुलांनी, ज्यांना असे आमिष दाखवले नव्हते त्यांच्यापेक्षा, चित्र काढण्यात कमी वेळ घालवला. बक्षीस कधीच देऊ नये असा याचा अर्थ मी काढत नाही. पण मूल जे आनंदाने करते आहे, तिथे बक्षिसाची भाषा आणण्याची गरज नसते. “शाब्बास” या एका शब्दावर भागवण्यापेक्षा “पडला तरी तू मनोरा पुन्हा रचलास” हे वाक्य मुलाला स्वतःच्या प्रयत्नाबद्दल काहीतरी नेमके सांगते.

चौथी पायरी: हट्ट, राग आणि रडण्याच्या वेळी

या पायरीवर पालकांची खरी कसोटी लागते, त्यामुळे इथे थोडे थांबून समजून घ्यावे. भावनांना आवर घालणे, थांबणे, पर्यायांचा विचार करणे ही कामे मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडून होतात, त्याची वाढ वयाच्या विशीच्या मध्यापर्यंत सुरू असते. दीड ते तीन-चार वर्षांच्या मुलाच्या इच्छा तीव्र असतात आणि त्या मांडायला शब्द अपुरे असतात. जमिनीवर लोळण घेणारे मूल बहुतेक वेळा पालकांविरुद्ध काही योजत नसते. त्याच्या आवाक्यातले उपाय संपलेले असतात.

अशा वेळी क्रम पाळला तर मदत होते. सर्वप्रथम सुरक्षितता पाहावी: कडा, काच, रस्ता, दुसरे मूल यांपासून त्याला दूर घ्यावे. मग स्वतः खाली बसावे आणि आवाज उतरवावा. शब्द कमीत कमी वापरावेत, कारण रागाच्या भरात मुलाला लांबलचक स्पष्टीकरण समजत नाही. आधी भावना सांगावी, मग मर्यादा सांगावी: “तुला अजून खेळायचं होतं. तुला राग आलाय. मी मारू देणार नाही.” शेवटच्या वाक्यात आज्ञा नाही, आपण काय करणार आहोत ते सांगितले आहे, आणि ते म्हणताना मुलाचा उगारलेला हात हळुवार पण घट्ट धरावा. त्यानंतर थांबावे. काही मुलांना कुशीत यायचे असते, काहींना स्पर्श नको असतो. अशा मुलापासून दोन हात अंतरावर शांत बसून राहावे. रडणे ओसरल्यावर पाणी द्यावे, जवळ घ्यावे, आणि झाले काय ते दोन-तीन वाक्यांत एकदा सांगावे. उपदेशाची लांब शिकवणी त्या वेळी नको आणि नंतरही नको.

भावना मान्य करणे आणि मागणी मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्या पालकांची सर्वाधिक गल्लत इथेच होते. राग येण्याची पूर्ण मुभा आहे, चावण्याची नाही. खेळ संपल्याचे दुःख खरे आहे, तरीही घरी जायचेच आहे. एकदा सांगितलेली मर्यादा रडण्याने बदलली, तर पुढच्या वेळी मूल अधिक वेळ रडून पाहते, आणि त्यात त्याचा दोष नसतो. म्हणून मर्यादा मुळातच कमी असाव्यात: कुणाला इजा करायची नाही, स्वतःला धोका होईल असे करायचे नाही, वस्तू मोडायच्या नाहीत. या आपण दर वेळी पाळू शकतो. वीस नियम केले तर ते कुणाकडूनच पाळले जात नाहीत.

बरेचसे हट्ट एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना होतात. लहान मुलाला “पाच मिनिटांनी” याचा अर्थ कळत नाही, पण घटना मोजता येतात. “आणखी दोनदा घसरगुंडी, मग चपला घालायच्या” असे सांगून प्रत्येक वेळी उरलेली संख्या सांगावी, आणि शेवटच्या घसरगुंडीनंतर शब्द पाळावा. जायचे की नाही याची निवड नसली, तरी कसे जायचे याची निवड देता येते: चालत की कडेवर?

मारणे आणि घाबरवणे यांबद्दल माझ्या मनात संदिग्धता नाही. स्वीडनने १९७९ मध्ये, जगात सर्वांत आधी, मुलांना घरातही मारण्यावर कायद्याने बंदी घातली, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये मारणे, तसेच मुलाला लाजवणारे आणि अपमानित करणारे बोलणे, यांविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. माराने मूल त्या क्षणी थांबते, कारण ते घाबरलेले असते. पुढच्या वेळी त्याऐवजी काय करायचे, हे त्याला त्यातून समजत नाही.

पाचवी पायरी: बिघडलेले नाते त्याच दिवशी सांधा

सगळे समजूनही कधी ना कधी प्रत्येक पालकाचा आवाज चढतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ मध्ये मांडले की बाळाला निर्दोष आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते. ट्रॉनिक यांच्या पुढच्या कामातूनही दिसले की प्रेमळ आई-बाळांचे सूर बराच वेळ जुळलेले नसतात. ते पुन्हा पुन्हा जुळत राहणे महत्त्वाचे असते.

म्हणून माफी मागायला शिकावे. आधी स्वतः शांत व्हावे, मग मुलाजवळ जाऊन घडलेले सरळ सांगावे: “मी मघाशी ओरडलो. तू घाबरलास. ओरडणं चुकीचं होतं. पुढच्या वेळी मी आधी थांबेन.” या वाक्यांत “पण” येऊ देऊ नये, “मी ओरडलो, पण तू ऐकतच नव्हतास” असे म्हटले की माफी संपते आणि आरोप सुरू होतो. “तू मला माफ केलंस ना?” असे विचारून आपल्या अपराधी भावनेचे ओझेही मुलावर टाकू नये. मुलाने मान फिरवली तर फिरवू द्यावी. बोलता न येणाऱ्या बाळालाही आपला मऊ झालेला आवाज आणि परतलेली नजर कळते.

सहावी पायरी: झोप, जेवण आणि पडदा (टीव्ही, मोबाइल)

थकलेले किंवा भुकेले मूल कोणत्याही संवादकौशल्याने शांत होत नाही, त्यामुळे या गोष्टींची घडी आधी बसवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास, १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. रोज त्याच क्रमाने येणाऱ्या तीन-चार गोष्टी, जसे की अंघोळ, दिवे मंद करणे, गोष्ट, अंगाई, मुलाच्या शरीराला झोपेची चाहूल देतात. घड्याळापेक्षा हा क्रम न बदलणे अधिक महत्त्वाचे आहे.

जेवणाबाबत आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली जबाबदाऱ्यांची वाटणी मला फार व्यवहार्य वाटते: काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी मुलाला तो दहा-पंधरा वेळाही समोर दिसावा लागू शकतो, त्यामुळे दोनदा नाकारला म्हणून तो ताटातून कायमचा काढू नये आणि घास कोंबूही नये.

पडद्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचना सांगतात की दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी तो टाळावा आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा. त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. जेवताना आणि झोपण्यापूर्वीच्या तासात घरातल्या कुणाच्याच हातात पडदा नसेल, असा एकच नियम मोठ्यांसह सगळ्यांना लावणे मला सर्वांत सोपे वाटते.

सातवी पायरी: मोठ्यांनी आपसात ठरवा

एक पालक ठाम आणि दुसरा सैल असेल तर मूल गोंधळते आणि पालकही एकमेकांवर चिडतात. मतभेद मुलासमोर सोडवू नयेत. त्या क्षणी ज्याने मर्यादा घातली त्याला ती पूर्ण करू द्यावी आणि मूल झोपल्यावर बोलावे. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना तत्त्वज्ञान ऐकवण्यापेक्षा दोन-तीन नेमक्या विनंत्या कराव्यात: “जेवताना फोन दाखवू नका, आणि तो रडला तर ‘रडू नकोस’ म्हणण्याऐवजी जवळ घ्या.” त्यांच्या पद्धती काहीशा वेगळ्या राहिल्या तरी चालते, वेगवेगळ्या माणसांच्या रीती वेगळ्या असतात, हे मुलांना लवकर समजते.

घरात दुसरे बाळ आले असेल तर थोरल्यासाठी रोज दहा मिनिटे राखून ठेवावीत, त्या वेळी बाळ दुसऱ्या कुणाकडे असावे. “आता तू मोठा झालास” हे वाक्य शक्य तितके कमी वापरावे. त्याला पुन्हा बाटलीने दूध प्यावेसे वाटले किंवा मांडीवर निजावेसे वाटले, तर काही आठवडे तसे होऊ द्यावे. आणि जो पालक दिवसभर मुलांसोबत असतो, त्याला रोज थोडा तरी वेळ पूर्णपणे एकटे सोडावे. थकून गेलेल्या माणसाकडून सजगतेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

बाहेरची मदत केव्हा घ्यावी

काही गोष्टी घरातल्या सरावाने सुटत नाहीत आणि त्यांची वाट पाहत बसू नये. बाळंतपणानंतर उदासी, रडू, अपराधी वाटणे किंवा बाळाविषयी काहीच न वाटणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तर डॉक्टरांना भेटावे. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे आणि तो वडिलांनाही होऊ शकतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. बाळ एक वर्षाचे होईपर्यंत बडबडत नसेल किंवा बोटाने काही दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडून बोलत नसेल, किंवा कोणत्याही वयात आधी येत असलेले शब्द आणि कौशल्ये हरवत असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मुलाकडे लक्ष देऊन पाहण्याची सवय इथे थेट उपयोगी पडते. काय, केव्हापासून, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या परिस्थितीत दिसते, हे चार-पाच दिवस लिहून ठेवावे, जमल्यास एखादे छोटे चित्रीकरण करावे, आणि ते घेऊनच डॉक्टरांकडे जावे.